मे ते गणपती: पावसाळाभर गावी उभी राहणारी मोटरसायकल

मे महिन्याची सुट्टी संपली की चाकरमानी मुंबईला परततो आणि गावची गाडी खळ्यात राहते. तिची किल्ली पुन्हा फिरते ती गणपतीत. मधल्या काळात कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडून गेलेला असतो, आंबोलीसारख्या ठिकाणी त्याच्या दुप्पट. शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी एवढा मुक्काम सहज काढते, पण उभी करताना तिला अर्धा दिवस द्यावा लागतो. तो दिला नाही तर गणपतीचे पहिले दोन दिवस गॅरेजच्या दारात जातात, आणि त्या दिवसांत तिथे आधीच दहा गाड्या रांगेत असतात.

गाडीला पावसापेक्षा कोंडलेला ओलावा जास्त खातो. रोज पावसात धावणारी गाडी वाऱ्यावर आणि इंजिनाच्या उष्णतेवर वाळत राहते. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली गाडी मात्र आतल्या आत घामेजते आणि तीन महिन्यांत गंजून निघते. म्हणून डोक्यावर छप्पर हवं, खाली कोरडी बैठक हवी, बाजूंनी वारा खेळता हवा, आणि जिथे वारा पोहोचत नाही त्या पोकळीत तेल हवं. खालचं सगळं काम एवढ्यासाठीच आहे.

किती दिवस सांभाळायची याचा हिशेब आधी करा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे कधी तीन महिने, तर कधी साडेतीनच्याही वर. अधिक महिन्याच्या वर्षी बॅटरीला एक चार्जिंग जास्त लागेल.

जागा

घराची पडवी मोकळी असेल तर तिच्यासारखी जागा नाही. पण कुठली पडवी ते बघा. कोकणात पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या पडवीत झड थेट आत येते. पूर्वेची किंवा ईशान्येची बाजू निवडा आणि गाडी पागोळ्यांच्या रेषेपासून निदान दोन फूट आत घ्या. पागोळी अंगावर पडत नसली तरी तिचे लाल मातीचे शिंतोडे फूट-दीड फूट उडतात, आणि तो चिखल रिमवर, चेनवर, सायलेन्सरच्या खालच्या बाजूला बसला की हलत नाही.

गोठ्यात गाडी ठेवू नका, छप्पर कितीही पक्कं असलं तरी. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो. वायरिंगच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि मग लाईट, हॉर्न, इंडिकेटर एकेक करून बंद पडतात. मांगरात (शेतावरच्या खोपटात) युरियाची किंवा मिठाची पोती असतील तर तिथेही नको. दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात आणि आजूबाजूचं लोखंड सतत ओलसर राहतं.

माडाखाली उभी करणं तर विचारूच नका. जूनच्या पहिल्या वादळात झावळी पडली तर आरसे आणि इंडिकेटर जातात, नारळ पडला तर टाकीला पोचा. फणस आणि आंब्याखालीही तेच, वर चीक आणि पालापाचोळा.

पडवी नसेल तर अंगणातल्या सर्वांत उंच कोपऱ्यात चिऱ्यांची बैठक करा. गाडी साधारण दोन मीटर लांब असते. पुढच्या चाकाखाली, डबल स्टँडखाली आणि मागच्या चाकाखाली मिळून सहा ते आठ चिरे सपाट बसवले की काम होतं. भोवती वीतभर खोल चर काढून पाण्याला उताराकडे वाट द्या. लाकडी फळ्या टाकायचा मोह टाळा: पावसाळ्यात त्यांना वाळवी लागते, आणि ओलं लाकूड स्टँडच्या पायाशी स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. चिऱ्यावर जुन्या लादीचा किंवा कडप्प्याचा तुकडा टाकला तर आणखी चांगलं.

नुसत्या मातीवर साईड स्टँडवर लावलेली गाडी जुलैपर्यंत आडवी होते. स्टँडचं टोक जेमतेम दोन बोटं रुंद असतं आणि भिजलेल्या मातीत ते रोज थोडं थोडं रुतत जातं. आडव्या गाडीतून पेट्रोल गळतं, ॲसिडची बॅटरी असेल तर ॲसिड गळतं आणि क्लचची मूठ तुटते. ज्या गाडीला डबल स्टँडच नाही तिच्या साईड स्टँडखाली निदान वीतभर रुंद लादी ठेवा आणि हँडल डावीकडे लॉक करा.

छप्पर

बाजारात मिळणारं चंदेरी कव्हर शहरातल्या पार्किंगमध्ये धुळीसाठी ठीक असतं. कोकणातल्या पावसात ते पंधरा दिवसांत शिवणीतून पाझरायला लागतं, आणि मग आतलं पाणी बाहेर जात नाही. वाऱ्याने फडफडून टाकीच्या रंगावर बारीक ओरखडे उठतात ते वेगळेच. मेणकापड गाडीभोवती गुंडाळून सुतळीने आवळणं याहून वाईट: रात्री हवा गार झाली की आतल्या बाजूला दव धरतं, सकाळी ते सीटवर आणि मीटरवर ठिबकतं, आणि हे रोज होतं.

त्याऐवजी ताडपत्रीचा मांडव करा. ९ बाय १२ फुटांची, किमान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) ताडपत्री, दोन उभे बांबू जमिनीवर साडेपाच फूट राहतील असे, त्यांच्यावर आडवा एक नऊ-दहा फुटांचा वासा, आणि १५ मीटर नायलॉन दोरी. सुतळी घेऊ नका, ऑगस्टपर्यंत ती कुजते. ताडपत्रीची १२ फुटांची बाजू वाशावरून दोन्हीकडे सहा-सहा फूट सोडा आणि खालच्या कडा जमिनीपासून दीड फूट वर ताणून खुंट्यांना बांधा. यात दोन्हीकडे साडेचार फुटांच्या आसपास पसारा मिळतो आणि उतार एवढा तीव्र राहतो की पाणी साचत नाही. उतार कमी ठेवलात की मध्ये फुगा धरतो. एका रात्रीत त्यात घागरभर पाणी साचून सगळा मांडव गाडीवर बसतो.

मांडवाचं तोंड वाऱ्याकडे करू नका. उताराची बाजू नैऋत्येला द्या, उघडी टोकं त्याला काटकोनात येऊ द्या. तरीही एखाद्या टोकातून झड येत असेल तर तिथे नारळाचे विणलेले झाप बांधा. झापातून पाणी अडतं आणि वारा आत-बाहेर होतो, प्लास्टिकला हे जमत नाही.

मांडवाखाली सीट आणि टाकीवर जुनी सुती चादर टाकायला हरकत नाही, पण ती चाकापर्यंत लोंबू देऊ नका. ताडपत्री मात्र गाडीला कुठेही टेकता कामा नये. आरशांपासून वीतभर अंतर ठेवा. आरसे काढून ठेवले तर मांडव बांधणं सोपं जातं. भोकांत पाणी जाऊ नये म्हणून तिथे ग्रीसचा गोळा भरा.

धुणं आणि वाळवणं

वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, कडक उन्हाचा दिवस पकडा. मृग लागला की वाळवायला ऊन मिळेलच असं नाही.

मडगार्डच्या आतली लाल माती आधी भिजवा, दहा मिनिटांनी ब्रशने काढा. हीच माती पुढे ओल धरून पत्रा आतून खाते. चेनकव्हरच्या तळाची बारीक भोकं, डबल स्टँडचा सांधा, मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगा आणि सायलेन्सर इंजिनला जिथे जोडतो तो भाग हाताने तपासा. भांड्यांचा साबण वापरू नका, पॉलिशचा थर निघून जातो. गाडीचा शाम्पू नसेल तर नुसतं पाणी आणि फडकं चालेल. प्रेशरच्या पाण्याने धुवायचं असेल तर नळी चाकाच्या बेअरिंगवर, मीटरवर आणि स्विचवर रोखू नका. मग १५-२० मिनिटं गाडी फिरवून आणा. इंजिनाच्या पंखांतलं आणि ब्रेकच्या डबीतलं पाणी उडायचं तर एवढं लागतंच. परतल्यावर दोन तास उन्हात ठेवा.

आता उघडं लोखंड शोधा. जिथे रंग उडाला आहे तिथे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून रेडऑक्साईडचा हात आणि वर रंग. सायलेन्सरला उष्णता सोसणारा रंग वेगळा मिळतो, साधा रंग पहिल्याच फेरीत पोळून सुटतो. समुद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत, मालवण-वेंगुर्ला-गुहागरच्या किनारपट्टीवर, वाऱ्यासोबत खारं येतं. तिथे ॲल्युमिनियमच्या भागांवरही पांढरी पूड धरते, म्हणून पॉलिशचा थर टाकीसोबत इंजिनच्या कव्हरांना आणि रिमलाही द्या.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवा. तिथे गंजाचा एक ठिपका पडला की पुढे ऑइल सील फाटत राहतं, कितीही वेळा बदला.

बरेच गॅरेजवाले पावसाळ्याआधी गाडीवर डिझेल किंवा जळकं ऑइल मारून देतात. डिझेल काही आठवड्यांत उडून जातं आणि तोवर रबरी बुश, पाइप, केबलच्या टोप्या फुगवतं. जळक्या ऑइलमध्ये आधीच आम्लाचा अंश असतो. नवीन इंजिन ऑइलमध्ये बुडवलेलं फडकं लोखंडी भागांवर फिरवलं तर त्याहून कमी खर्चात जास्त टिकतं. फडकं ब्रेकच्या डिस्कपासून, ब्रेकच्या डबीपासून आणि टायरपासून लांब ठेवा. टिनच्या डब्यातला पाणी हटवणारा स्प्रे कपलर (वायरींचे जोड) वाळवायला उत्तम, पण त्याचा थर पातळ असतो. तीन महिन्यांचं संरक्षण त्याच्याकडून मागू नका.

पेट्रोल

टाकी भरून ठेवायची की रिकामी, यावर गावात दोन तट असतात. लोखंडी टाकी भरून ठेवावी. अर्धी टाकी रिकामी म्हणजे पाच लिटर दमट हवा आत. रात्री ती गार होते, पत्र्याला पाणी सुटतं आणि ते तळाशी जातं. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी पिऊन घेतं, पण एका मर्यादेपर्यंत. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात. पेट्रोल कॉक किंवा पंप ओढतो तो टाकीच्या तळाकडचाच भाग. गाडी मग सुरूच होत नाही किंवा दोन फटके मारून बंद पडते, आणि दोष प्लगला दिला जातो.

भरताना झाकणापर्यंत काठोकाठ नको. मानेच्या खालच्या कडेपर्यंत पुरे. मेच्या उन्हात पेट्रोल फुगतं, आणि बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत पेट्रोलची वाफ धरणारी कोळशाची डबी असते, तिच्यात पातळ पेट्रोल गेलं की ती निकामी होते. पेट्रोल टिकवणारं द्रव्य मिळालं तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकीत घाला आणि नंतर पाच-सात किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे ते पुढच्या नळीतही पोहोचतं.

टाकीच्या पृष्ठाशी सपाट बसणारं झाकण असेल तर त्याच्या खोबणीत पाणी वाहून जायला एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की किल्लीच्या भोवती तळं होतं आणि झाकणाच्या जुन्या रबरातून थेंब थेंब टाकीत उतरतो. टाकीत पाणी कुठून आलं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच. पातळ तार घालून भोक मोकळं करा, वरून पाणी ओतून ते खाली पडतं का बघा, झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला.

पुढचं काम गाडीच्या जातीवर. एप्रिल २०२० च्या आधीची कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोल कॉक बंद करा, इंजिन चालू ठेवा आणि आपोआप बंद पडेपर्यंत थांबा. मग कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू ढिला करून उरलेलं पेट्रोल बाटलीत काढा. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जाताना मागे चिकट राळ सोडतं, आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल ज्यातून इंजिनाकडे जातं त्या तोटीचं, भोक सुईच्या टोकाएवढं असतं. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारलं जातं तिथे, यातलं काहीही करायचं नाही. तिचा पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडलेला असतो. टाकी कोरडी ठेवली तर तो गंजतो किंवा चिकटतो. टाकी भरा आणि सोडून द्या.

ऑइल आणि सिलेंडर

ऑइल गाडी परत सुरू करताना बदलू, असं पुष्कळ जण म्हणतात. वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल मिसळलेलं असतं आणि ते तीन महिने बेअरिंगला लागून राहतं, म्हणून उभी करतानाच बदला. इंजिन गरम असताना जुनं काढा. शंभर ते सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत ९०० मिली ते एक लिटर बसतं. नेमका आकडा इंजिनच्या कव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. नवीन भरल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून ते सगळीकडे पोहोचू द्या. हे पेट्रोल संपवायच्या आधी करा, नाहीतर कार्बोरेटरवाल्यांना वाटी पुन्हा काढावी लागेल. जुनं ऑइल गॅरेजला द्या, पऱ्यात (ओढ्यात) ओतू नका.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर प्लग काढा. लहान गाड्यांना बहुतेक १६ चा प्लग पाना लागतो. काढण्याआधी प्लगभोवतीची माती फुंकून टाका, ती आत पडली तर सिलेंडरवर चरे पडतात. सिरिंजने ५ मिली नवीन ऑइल आत सोडा. किल्ली बंद ठेवून, प्लगच्या भोकावर फडकं धरून, हळूहळू पाच-सहा किक मारा. किक नसेल तर डबल स्टँडवर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे फिरवा. प्लग हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवून मग पान्याने थोडा आवळा.

सायलेन्सर गार असताना त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधा. एअर फिल्टरच्या हवेच्या तोंडावर पाव इंची लोखंडी जाळी लावा, कारण उंदराला घरटं करायला फिल्टरच्या डब्याएवढी उबदार जागा दुसरी नसते. जे जे बंद केलं त्याची यादी कागदावर लिहून ती किल्लीला बांधा. सायलेन्सरची पिशवी विसरून किक मारत बसण्याची पाळी दरवर्षी कुणावर तरी येते.

बॅटरी

बॅटरी गाडीत ठेवू नका. लहान गाडीची बॅटरी तीन ते पाच ॲम्पिअर-अवरची असते, घड्याळ-अलार्मसारखा किरकोळ भारही तिला महिन्या-दोन महिन्यांत बसवतो. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, आधी पॉझिटिव्ह. क्रम चुकला आणि पाना चॅसिसला टेकला तर ठिणगी उडते, बाजूलाच भरलेली टाकी आहे.

काढलेली बॅटरी घरात कोरड्या जागी, मुलांच्या हातापासून लांब ठेवा. पूर्ण चार्ज असताना मीटरवर १२.८ व्होल्टच्या आसपास दिसतं. १२.४ झालं की चार्ज करा. १२ च्या खाली आठवडे राहिली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केली तरी दोन स्टार्टनंतर झोपते. दर पाच-सहा आठवड्यांनी एकदा चार्जिंग पुरतं. करंट क्षमतेच्या एक दशांश: चारच्या बॅटरीला ०.४ ॲम्पिअर. कारच्या किंवा ट्रॅक्टरच्या मोठ्या चार्जरला लावली तर ती फुगते. गावात कुणाकडे लहान चार्जर नसेल तर बॅटरी सोबत मुंबईला न्यावी. दीड-दोन किलोचं ओझं आहे, पण टोकांवर टेप चिकटवून उभी ठेवूनच न्या. गाडीतल्या मोकळ्या टोकांना व्हॅसलीन लावून प्लास्टिकमध्ये बांधा.

चेन, ब्रेक, केबल

चेन डिझेलच्या ब्रशने साफ करा, पुसा, तासभर वाळू द्या, मग ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने चाक फिरवत सोडा. रोजच्या वापरापेक्षा जाडसर थर चालेल. ओल्या चेनवर ऑइल ओतलं तर पाणी आतच अडकतं, कड्या आखडतात आणि चाक फिरवताना कटकट वाजतं.

ड्रम ब्रेक असेल तर चाक काढून लायनर आणि ड्रम कोरडे पुसणं, ब्रेकच्या कॅमला चिमूटभर ग्रीस लावणं, एवढं गॅरेजमध्ये अर्ध्या तासात होतं. ब्रेकची दांडी बांधून ठेवू नका. दाबलेला लायनर ड्रमला गंजाने चिकटतो आणि गणपतीत चाकच फिरत नाही. क्लच, रेस आणि ब्रेकच्या केबलींत वरच्या टोकाने इंजिन ऑइलचे पाच-सहा थेंब सोडा, खालून बाहेर येईपर्यंत. किल्लीच्या भोकात ग्रीस घालू नका. वरून इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पुरे.

दोन्ही टायरमध्ये नेमून दिलेल्यापेक्षा तीन ते पाच पौंड हवा जास्त भरा. तीन महिन्यांत ती आपोआप उतरतेच.

उंदीर आणि कुंभारीण

उंदीर वायर चावतात कारण वायर दात घासायला सोयीची असते. डांबरगोळ्या मोकळ्या हवेत दोन-तीन आठवड्यांत उडून जातात, त्यांच्यावर विसंबू नका. सीटखालचा भाग रिकामा ठेवा: जुनं फडकं, रेनकोट, कागद काहीही नको. भाताचं पोतं किंवा गवताची गंजी शेजारी असेल तर गाडी हलवा. कुंभारीण माशी कुठलंही लहान भोक मातीने लिंपून टाकते, म्हणून चेनकव्हरची आणि टाकीच्या झाकणाची भोकं परतल्यावर तारेने पुन्हा तपासायची आहेत.

मधले महिने

मागे राहिलेल्या काकांना किंवा शेजाऱ्यांना सांगायचं असतं ते एवढंच: पंधरा दिवसांतून एकदा पुढचं चाक अर्धा फेरा फिरवा, मांडवाच्या दोऱ्या ताणा, साचलेलं पाणी उतरवा, आणि श्रावणात उघडीप मिळाली की दोन-चार तास ताडपत्री दुमडून गाडीला वारा-ऊन द्या.

आणि एक गोष्ट करू नका असं आवर्जून सांगा: अधूनमधून पाच मिनिटं चालू करणं. प्रेमाने केलेलं हे काम गाडीला सर्वांत महाग पडतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गाडी अर्धा तास धावली तर सायलेन्सर तापून ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत तो कोमटच राहतो, पाणी आत साचतं आणि थोडं ऑइलमध्येही उतरतं. सिलेंडरमध्ये सोडलेलं ऑइल त्याच वेळी जळून गेलेलं असतं. एकतर नीट वीस किलोमीटर चालवा, नाहीतर हात लावू नका.

सखल भागात राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडला घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलं, तिथे चिऱ्यांच्या बैठकीचा उपयोग नव्हता. नदीकाठच्या आळीत गाडी ठेवत असाल तर पावसाळ्यापुरती ती वरच्या वाडीत कुणाकडे न्या. पाण्यात बुडालीच तर किक मारू नका, किल्लीही फिरवू नका. सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं. दुधाळ दिसलं तर दोनदा. इन्शुरन्सचंही आधीच बघा: नुसत्या थर्ड पार्टीत पुराचं किंवा झाड पडल्याचं नुकसान मिळत नाही, त्यासाठी फुल इन्शुरन्स लागतो आणि तो त्या दिवशी चालू असावा लागतो.

गणपतीत

हरतालिकेच्या आदल्या दिवशी सुरू करायला घ्या, चतुर्थीच्या सकाळी नको. किल्लीला बांधलेली यादी हातात घ्या. सायलेन्सरची पिशवी, एअर फिल्टरची जाळी, किल्लीवरची टेप काढा. सीट उघडून वायरी बघा. कुरतडलेली दिसली तर बॅटरी लावायच्या आधी टेप करा.

कार्बोरेटरच्या गाडीत कॉकखालची नळी काढून शंभर मिली पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर तो संपेपर्यंत पेट्रोल काढत राहा. थर नसेल तर कॉक उघडून वाटी भरू द्या, किल्ली बंद ठेवून दहा किक मारा म्हणजे ऑइल वर चढेल, मग चोक ओढून सुरू करा. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली चालू केल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणण्याचा आवाज ऐका. किल्ली तीनदा चालू-बंद करा, म्हणजे नळीत दाब येतो. आवाज येत नसेल तर आधी फ्यूज बघा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये पंधरा सेकंद थांबा. बॅटरी पार मेलेली असेल तर इंजेक्शनची गाडी बहुतेकदा किकनेही सुरू होत नाही, कारण पंपाला आणि कॉम्प्युटरला वीज लागते. धक्का मारत घाटी चढवण्याआधी हे लक्षात घ्या.

सुरू झाल्यावर पहिली मिनिट-दोन मिनिटं पांढरा धूर येईल. सिलेंडरमधलं ऑइल जळतंय, घाबरू नका. पाच मिनिटांनंतरही येत राहिला तर मात्र दाखवा. निघण्याआधी इंजिन एकदा बंद करा, गिअर टाकून आणि क्लच दाबून गाडी मागे-पुढे हलवा, क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असतील तर सुटतील. टायरची हवा पुन्हा नेमकी करा. पहिला अर्धा किलोमीटर सपाट रस्त्यावर हळू चालवून दोन्ही ब्रेक पाच-सहा वेळा धरा, ड्रमवरचा आणि डिस्कवरचा गंज घासून जाईल. उतारावरची पहिली फेरी त्यानंतर. पीयूसीची तारीखही बघून घ्या, गणपतीत महामार्गाला तपासणी असते.

टाकीतलं जुनं पेट्रोल एक तृतीयांश वापरून झालं की वर नवीन भरा. ताडपत्री धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा, घडी घालून माळ्यावर दोरीला टांगा. जमिनीवर ठेवलीत तर पुढच्या मेपर्यंत उंदीर तिची चाळणी करतात.